मासे मामांचे, हजेरी ढोकरीची

मार्च लागला की वऱ्हाडात दोन कामं हमखास निघतात. एक म्हणजे माळ्यावरचा कूलर खाली उतरवून त्याच्या ताट्या बदलणं, आणि दुसरं म्हणजे पाखरांसाठी मातीची भांडी टांगणं. पहिलं काम घामाचं असल्यामुळे गुपचूप उरकतं. दुसरं पुण्याचं असल्यामुळे त्याचा फोटो निघतो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या अमरावतीत आणि तिकडे अकोल्यात पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो, पाखरं चोची उघड्या टाकून सावलीला बसतात, तेव्हा पाणी ठेवावं हे योग्यच. गंमत पुढे आहे. भांडी टांगणारा हाच सद्गृहस्थ घराच्या मागे जातो आणि हातात काठी घेऊन "हट्, हट्" करत पाखरं हाकलतो, कारण मागच्या हौदात त्याने मासे पाळलेले असतात.

थोडक्यात, पुढचं पाणी पाखरांचं, मागचं पाणी माशांचं. एवढी साधी वाटणी पाखरांना का कळू नये, हा अशा लोकांना पडणारा प्रश्न आहे. तो सगळ्यात जास्त पडला अकोल्याच्या आमच्या मामांना.

मामा कृषी खात्यातून निवृत्त झाले. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, तेव्हा नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी लोकांची शेततळी मोजण्यात घालवली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल हा आकडा त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तळ्यांवर सह्या केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर स्वतःचं तळं असावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही. जठारपेठेतल्या घरामागे लिंबाच्या झाडापाशी त्यांनी ते खणलं. दहा फूट बाय सहा फूट. पण रचना मात्र सरकारी: चारी बाजूंना शास्त्रशुद्ध उतार, त्यावर काळं प्लास्टिक, कडेने मातीचा बांध. घरात जिल्हाधिकारी आले असते तर त्यांनी फीत कापली असती.

मामींचा पहिल्या दिवसापासून विरोध. अकोल्यात पाणी ही चेष्टेची गोष्ट नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. तिथल्या कित्येक गावांत विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर वरणात मीठ घालायची गरज उरत नाही. अकोला शहराला पाणी येतं काटेपूर्णेवरच्या महान धरणातून, आणि धरणात टक्के किती उरले हा इथे मे महिन्यात घरोघरी चघळला जाणारा विषय. अशा गावात मामांनी हौसेपायी तळं भरलं.

"नातवाले आंघोयीले एक बादली, आन् मासोयायले हजार लिटर!" मामी येईल-जाईल त्याला सांगायच्या.

मासे नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. अमरावती-अकोला रस्ता आता काही लहानसहान रस्ता राहिलेला नाही. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नाव लागलं. मांडीवर ऑक्सिजन भरलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डझनभर लाल-केशरी गोल्डफिश, आणि खाली विश्वविक्रमी रस्ता. माशांनी एवढा मानाचा प्रवास क्वचितच केला असेल. पिशवी अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी एका तापमानावर आलं, तोंड सोडलं, मासे निघाले. काळ्या प्लास्टिकवर लाल मासे असे काही उठून दिसले, की मामा म्हणाले, "गच्चीवरून बी मोजता येतात!"

गच्चीवरून मोजता येतात, हे तेवढ्यात आणखी कुणीतरी लक्षात घेतलं होतं.

पहिला मासा गेला त्याचा आळ गायबगळ्यांवर आला. ते पांढरेशुभ्र असतात, थव्याने असतात, लपत नाहीत. संशयित म्हणून त्यांच्याइतकं सोयीचं पाखरू दुसरं नाही. आता गायबगळ्याचं पोट चालतं ते नांगरामागे, म्हशीमागे आणि हल्ली ट्रॅक्टरमागे उडणाऱ्या टोळ-किड्यांवर. मामांनी स्वतः शेतकऱ्यांना हेच सांगण्यात हयात घालवली होती. पण घरचा मासा गेला की कृषिशास्त्र बाजूला राहतं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर चरणाऱ्या गाईबरोबर आलेले दोन बगळे त्यांनी चपला घालायच्या आत हाकलले, आणि परत येऊन पाहतात तर आणखी एक मासा कमी.

खरी चोर होती ढोकरी. हे पाखरू बसलेलं असताना दिसत नाही, असं म्हटलं तरी चालेल. पाठ मातकट तपकिरी, मानेवर बारीक रेघा, मान खांद्यांत ओढून घेतलेली. मामांच्या बांधावर ती मातीच्या रंगात मिसळून बसायची. मी एकदा खिडकीतून पाहिलं. तिने एक पाय उचलला, आणि तो पुढे ठेवायला इतका वेळ लावला की माझा चहा निवला. दुसरा पाय. मग नुसती उभी. मग मान एकदम लांब झाली आणि चोचीत लाल मासा आडवा. तिने तो दोनदा वर झेलून सरळ केला, डोक्याकडून आत ढकलला. गळ्याचा फुगवटा हळूहळू खाली सरकताना स्पष्ट दिसत होता. मग पंगतीतून उठलेला पाहुणा हात धुतो तशी तिने चोच पाण्यात बुडवून घेतली. मी दार उघडलं तेव्हा ती उडाली, आणि त्या मातकट अंगातून पांढरेधोप पंख उघडले. मामा बाहेर येईपर्यंत त्यांना दिसलं ते फक्त पांढरं. "पाह्यलं? बगयाच होता!" गायबगळ्यांची केस पुन्हा उघडली.

यात तळ्याच्या रचनेचा हात मोठा होता. शेततळ्याला उतार लागतो, नाहीतर माती ढासळते. पण ढोकरीचे पाय काही फार लांब नसतात; तिला पाण्यात उतरायला उथळ जागा हवी असते, आणि मामांनी ती चारी बाजूंनी करून दिली होती. बागेतल्या तळ्याच्या भिंती सरळ उभ्या असाव्यात, खोली कमरेपर्यंत असावी आणि पाणी कडेपासून वीतभर खाली असावं, म्हणजे चालत येणाऱ्याची पंचाईत होते. हे मी बोलून पाहिलं. मामा म्हणाले, "उताराशिवाय बिल मंजूर होत नाही." कोणाचं बिल, हे मी विचारलं नाही.

मग मंडळींचे सल्ले सुरू झाले. वऱ्हाडात माणूस एक वेळ पैसे उसने देणार नाही, सल्ला मात्र दारावर आणून देतो.

गावाकडून आलेल्या चुलतभावाने साड्या सुचवल्या. रोही आणि रानडुकरं हरभऱ्यात घुसू नयेत म्हणून आमच्याकडे शेताभोवती जुन्या साड्यांचं कुंपण करतात; दुरून पाहिलं तर शिवारात लग्नाचा मांडव पडल्यासारखं वाटतं. पण रोही चालत येतो. ढोकरीला साडी आडवी येत नाही. साड्यांच्या आतल्या बाजूला उलट तिला छान आडोसा मिळाला.

दुसरी युक्ती कॅसेटच्या फितीची. शेतकरी जुन्या कॅसेटची फीत ताणून बांधतात, ती वाऱ्यावर चमकते, थरथरते, घूं घूं वाजते आणि पाखरं काही काळ बिचकतात. गाण्याच्या कॅसेटी मामींनी केव्हाच भंगारात दिल्या होत्या. कपाटात सापडली ती मामा-मामींच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. ती दाखवणारं यंत्रही भंगारात गेलेलं, त्यामुळे मामांनी फारसा विचार केला नाही. कॅसेट फोडली आणि सीमांतपूजनापासून गृहप्रवेशापर्यंतचा सगळा सोहळा तळ्यावर आडवा-उभा ताणला. व्हिडिओची फीत रुंद असते, चमकतेही जास्त. पहिले काही दिवस एकही पाखरू फिरकलं नाही. मामा खूश. मग मामींनी कपाट आवरायला काढलं. त्यानंतर पाखरांचं सोडा, मामासुद्धा तळ्याकडे फिरकले नाहीत.

ढोकरीची भीती अर्थात तोवर चेपली होती. पाखरांना न हलणाऱ्या वस्तूची आणि रोज तशीच हलणाऱ्या वस्तूची सवय होते, म्हणून तर शेतातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर कावळा बसतो.

मामांची लेक इंग्लंडात असते. तिकडे घरामागे तळं राखणाऱ्यांना आपल्या राखी बगळ्याचाच उपद्रव, आणि त्यावर तिकडचा जुना तोडगा म्हणजे तळ्यापाशी प्लास्टिकचा बगळा उभा करायचा. एका बगळ्याच्या जागेवर दुसरा बगळा उतरत नाही, अशी त्यामागची समजूत. तिकडेही त्याबद्दल अर्धे लोक शपथेवर सांगतात आणि अर्धे हसतात. तिने सुट्टीला येताना तो आणला. विमानतळावर त्याची तपासणी झाली, हा वेगळा किस्सा. जठारपेठेत मात्र त्याचा परिणाम नेमका उलटा झाला. इतके दिवस ढोकरी एकटी यायची. एवढा मोठा, करड्या रंगाचा विलायती साहेब तळ्यावर हललेला नाही, म्हणजे जागा खात्रीची असणार, असं समजून ती आता एका जोडीदाराला घेऊन आली.

शेवटी जाळी. जाळी हा खरा उपाय, यात वाद नाही. पण ती घट्ट ताणलेली हवी, पाण्यापासून फूटभर वर हवी आणि कुठेही मोकळी जागा नको. मामांनी चार कोपऱ्यांना बांबू रोवले, वर नायलॉनची जाळी बांधली, आणि माशांना खाऊ घालायला एक कोपरा उघडा ठेवला. त्या उघड्या कोपऱ्याच्या बांबूवर दुसऱ्या दिवशी छोटा खंड्या येऊन बसला. इतके दिवस त्याला तळ्यावर बसायला जागा नव्हती. आता सरकारमान्य उंचीवर, पाण्याच्या नेमका वर, बैठक मिळाली. निळा-नारिंगी, मुठीएवढा, तिथून बाणासारखा सूर मारायचा, वर यायचा, लहान मासा त्याच बांबूवर दोन-तीनदा आपटायचा आणि गिळायचा. अंगणात फट् फट् असा आवाज यायचा. मामी आतून विचारायच्या, "कोन कपडे धुऊन रायलं?"

कोपरा बंद केला. मग एके सकाळी जाळीत दिवड अडकलेली सापडली. पाण्यातला बिनविषारी साप, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. माशांना दडायला म्हणून मामांनी कडेला जे दगड रचले होते, त्यांच्या सांदीतच तिचा मुक्काम असावा. जाताना सडपातळ होती, जाळीच्या डोळ्यातून आत गेली. येताना पोटात मासा होता, मधेच फसली. हे जाळीचं खरं दुखणं आहे: साप तिच्यात हमखास अडकतात, जितकं ओढतात तितकं नायलॉन रुततं, आणि वेळेवर कुणी पाहिलं नाही तर मरतात. मामांनी सर्पमित्राला फोन केला. पोरगं कॉलेजातलं, पण हात सराईत. त्याने एका हाताने मान धरली, दुसऱ्या हाताने लहान कात्रीने एकेक दोरा कापला. दिवड वळवळत, फुत्कारत, वास सोडत होती आणि तो तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होता.

"काकाजी, भ्याचं काम नाई. बिनविषारी हाये. मासे न् बेंडकंच खाते बिचारी."

"मंग उपकारच झाले म्हना तिचे!" मामा म्हणाले.

साप सुटला, जाळीला भोक पडलं, भोकातून शेजारचं मांजर आलं. ते हाकलायला कुत्रा आणावा असा सल्ला आला. तो कुत्रा भर दुपारी तळ्यात बसून राहायला लागला, कारण अकोल्यात त्या वेळी शहाणा जीव दुसरं काय करील? मधल्या काळात वांदरांची टोळी येऊन जाळीवर बसून गेली. त्यांना माशांत रस नव्हता. जाळी झोपाळ्यासारखी हलते, एवढंच त्यांना पुरलं. कावळ्याचा तर विषयच वेगळा. तो मासा घ्यायला येत नसे. मामींनी टाकलेला शिळ्या भाकरीचा कडक तुकडा चोचीत धरून यायचा, जाळीच्या भोकातून पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की खायचा. अर्धा तुकडा तळाशी जायचा, तिथे कुजायचा, पाणी हिरवं व्हायचं. त्यावर मामांनी मामींना जबाबदार धरलं. एका तळ्यावरून घरात किती खटले चालू शकतात, याला मर्यादा नव्हती.

उन्हाचा हिशोब मात्र गमतीवारी नेण्यासारखा नाही. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, पस्तीस अंशांच्या पाण्यात सातच्या आसपास. शिवाय शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री स्वतःच वापरतं, त्यामुळे पहाटे पाण्याची स्थिती सगळ्यात वाईट. उथळ, काळं प्लास्टिक घातलेलं, दिवसभर तापलेलं तळं. मासे पहाटे तोंड वर काढून आ-ऊ करत पृष्ठभागाशी येतात. ढोकरी नेमकी त्याच वेळी का येते, हे कोडं इथे सुटतं. मामांनी यावर उपाय म्हणून कूलरचा पंप काढून तळ्यात सोडला आणि लहानसं कारंजं केलं. उपाय अगदी बरोबर होता. पाणी हललं, मासे खाली गेले, ढोकरीची पहाटेची पाळी बुडाली. फक्त तो मे महिना होता आणि कूलर मामींच्या खोलीतला होता.

मला विचाराल, तर मूळ गोम माशांच्या रंगातच आहे. नदी-तळ्यातला कुठलाही मासा वरून पाहा: पाठ गडद, तळाच्या चिखलात मिळून जाणारी. गोल्डफिशचे पूर्वजही असेच मळकट हिरवट होते. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी लोकांनी त्यांतले लालसर निघालेले वेचून वेचून पाळले आणि वाढवले, कारण ते माणसाला वरून छान दिसतात. ज्याच्या डोळ्यांसाठी हा रंग आणला तो माणूस दिवसातून दोनदा तळ्यापाशी येतो. ज्याच्यासाठी आणला नव्हता तो बगळा दिवसभर वरून जात असतो. रानात सुटलेल्या गोल्डफिशच्या पिढ्या हळूहळू पुन्हा मळकट होतात, कारण लाल असतात ते आधी संपतात.

म्हणून मी गप्पी सुचवले. हिवतापाच्या विभागाकडून ते डासांच्या अळ्या खायला म्हणून गावोगावच्या टाक्यांत, डबक्यांत सोडले जातात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा; त्रिनिदादमधल्या लेचमियर गप्पी नावाच्या गृहस्थांवरून त्याला नाव पडलं. गरम पाणी चालतं, मळकं चालतं, दर महिन्याला पिल्लं, तीही अंडी न घालता थेट पोहती. आपली पिल्लं तो स्वतःही खातो, म्हणजे शत्रू घरातच. तरी संख्या कमी होत नाही. नदीनाल्यात मात्र सोडू नये, तिथल्या माशांच्या पोटावर पाय येतो. मामांनी ऐकून घेतलं. "फुकटाचा मासा पाह्यले कोन येईन?" एवढंच म्हणाले. नातवाने मात्र कुठून तरी एक डबाभर आणून सोडले, आणि ते आजतागायत आहेत. त्यांना कुणी मोजत नाही.

गुलेल मारायची टूम एका शेजाऱ्याने काढली होती. ती मामींनी तिथल्या तिथे मोडली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि मामी त्याहून जुन्या आहेत.

मग नोव्हेंबर आला. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सालिम अलींच्या. चितमपल्लींनी आमच्या मेळघाटातही नोकरी केली, त्यामुळे इकडे त्यांचं नाव घरच्या माणसासारखं घेतात. जवळच्या शाळेतल्या बाई मुलांना घेऊन पक्षी दाखवायला कापशी तलावावर जाणार होत्या. बसची काही अडचण झाली. कुणीतरी त्यांना सांगितलं, जठारपेठेत एकांच्या घरामागे सगळं बघायला मिळतं.

मुलं आली. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ढोकरी बांधावर होती, खंड्या बांबूवर, लिंबावर गायबगळे, विलायती बगळ्याच्या डोक्यावर कावळा. मामांनी प्रत्येकाची ओळख करून दिली: कोण केव्हा येतं, कसं उभं राहतं, मासा डोक्याकडून का गिळतं. गायबगळा सहसा मासे खात नाही, त्याच्यावर लोक उगाच आळ घेतात, हेही सांगितलं. इतका जाणकार माणूस बाईंना कुठल्या पुस्तकात भेटला नव्हता. एका पोरीने वहीत सगळं लिहून घेतल्यावर विचारलं, "आजोबा, पण मासे कुठं आहेत?"

"मासे? ते पाखरायसाठीच तं ठेवतो बाई मी," मामा म्हणाले. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्या रात्री मला फोन आला. पुढच्या रविवारी अकोल्याला येताना दहा-बारा गोल्डफिश घेऊन ये म्हणाले. मी म्हटलं, मामा, या वेळी काळपट बघतो, जरा टिकतील.

"नाई बे," मामा म्हणाले. "लालच आन. ढोकरीले अंधुक उजेडात काये दिसत नाईत."